न झाडलेला पाट

१७ जानेवारी

माझे यजमान वैद्य होते. गाव त्यांना वेदमहत्तया म्हणे, म्हणून मीही तेच म्हणायची. संध्याकाळी बुद्धासमोर दिवा लावून झाला की ते वहीत चार ओळी लिहायला बसत. मी हसायची. 'आज पाऊस पडला हे पावसाला माहीत आहे, तुम्ही कशाला लिहिता?' त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि आज त्यांच्याच उरलेल्या कोऱ्या वहीत मी लिहिते आहे. कारण सरळ आहे. घरात बोलायला माणूस नाही. मुलगा तिवंक कोरियात कारखान्यात आहे, त्याचा फोन रविवारी. त्याची बायको घरात आहे, पण ती असून नसल्यासारखी. नाव मधुभाषिणी, आणि तोंडातून शब्द पडेल तर शपथ.

आज ओढ्यावर बांध घालणाऱ्या वीज कंपनीचा इंजिनिअर आला होता. ओढ्यातल्या मोठ्या खडकावर लाल रंगाचा पट्टा ओढून गेला.

"अम्मा, मे महिन्यात पाऊस लागला की बांधाची दारं लावायची. मग पाणी पाइपातून खाली जाईल, वीज होईल."

"आणि ओढा?"

"ओढ्याला थोडं सोडणारच की."

"थोडं म्हणजे किती?"

तो नुसता हसला. पोरगा वाईट नाही. कोरा चहा गुळाच्या खड्याबरोबर प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला. पण थोडं म्हणजे किती ते मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

बांधाच्या खालच्या वळणावर, दगडांच्या सावलीत, अतिउडयन नावाची औषधी वाढते. पाण्याबाहेर डोकंही काढत नाही. वरून बघणाऱ्याला वाटेल, तळाला तांबूस शेवाळ साचलंय. हात घातला की लांबट, कडेला मुरडलेली पानं बोटांना लागतात. लहान मुलांच्या हगवणीवर तिच्या मुळीचा काढा वेदमहत्तया देत. तीन गावांतल्या आया त्यासाठी आमच्या दारात येत, अजूनही येतात, आणि मी देते. आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच ओढ्यात ती नाही. ते शोधून शोधून थकले होते. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले, "यसवती, बाकी काय गेलं तर जाऊ दे. ते वळण सांभाळ."

आता वळणच सुकणार असेल तर मी काय सांभाळू?

१८ जानेवारी

ठरलं. वळण हलवता येत नाही, झाडं येतात. घरामागच्या नळीचं पाणी बारा महिने वाहतं. डोंगरातल्या झऱ्याचं ते पाणी आम्ही अंघोळीला वापरतो, उरलेलं पाटातून खाली जातं. पाटावर फणसाची आणि कितुल माडाची दाट सावली आहे. तिथे लावायची. पाऊस लागायच्या आत ती तिथे रुजली पाहिजेत, नाहीतर संपलं.

५ फेब्रुवारी

पाट फुटका होता. गवंडी लावून सिमेंटने बांधून घेतला. नव्या सिमेंटचं पाणी कडक असतं, त्यात मासासुद्धा जगत नाही, म्हणून केळीचे खुंट चिरून पाटात टाकले आहेत. ते कुजून सिमेंटची उष्णता ओढून घेतात. पाणी काळं झालं की काढायचे, धुवायचे, पुन्हा नवे टाकायचे. खुंट वाहायला मधू आली. न सांगता आली हे नवल. चिरताना चिकानं तिची साडी डागली. म्हटलं, आधी डाग धू. तर ती डागाकडे बघत बसली.

पोरगी अशी नव्हती. पोळोन्नरुवाकडची, तळ्याकाठच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा भात वाढताना गुणगुणायची. नोव्हेंबरात तिला सहावा महिना होता आणि पोट रिकामं झालं. ती हॉस्पिटलातून यायच्या आत मी घर स्वच्छ करून ठेवलं. पाळण्याचं कापड, छोट्या चादरी, तिनं शिवलेली झबली आणि निळं कमळ भरलेलं टोपडं, सगळं गाठोडं बांधून शेजारच्या पियसीलीच्या नातवाला देऊन टाकलं. खोली धुतली. घरात काही दिसूच नये. डोळ्यांसमोर नसलं की माणूस लवकर विसरतं. माझी आई गेली तेव्हा माझ्या आत्यानं असंच केलं होतं.

ती आली, खोलीत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "अम्मा, खोलीला फिनेलचा वास येतोय." तेवढंच.

८ मार्च

पाट तयार आहे. तळाला ओढ्यातलीच वाळू, वर बारीक खडी. देवळातल्या भिक्षूंना, हामुदुरुवोंना, मुहूर्त विचारला. ते म्हणाले, "उपासिके, झाडाला कसला मुहूर्त?" मी म्हटलं, झाडाला नसेल, मला लागतो. हसून त्यांनी परवाची सकाळ सांगितली, तोंड पूर्वेला.

१० मार्च

लावली. अर्धी ओढ्यातच ठेवली आहेत, सगळी जोखीम एकदम नको.

मुळाखालची वाळू हातानं सैल करायची, झाड उपटायचं नाही, मुळासकट उचलायचं. खाली जाडसर गाठाळ कांडं असतं, तोच त्याचा जीव. मधू कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एकेक झाड केळीच्या ओल्या पानात गुंडाळून तिनं करंडीत ठेवलं. नुसतं घरी आणेपर्यंत वारा लागू नये म्हणून करंडीवर स्वतःचा पदर टाकला. मी रागावले, पदर चिंब झाला होता. ती म्हणाली, "असू दे अम्मा, बघा ना, पाण्यात तपकिरी दिसतात आणि बाहेर काढली की खालून जांभळी." आठ-दहा शब्द एकदम! मी मोजले नाहीत, पण ऐकून बरं वाटलं.

लावताना कांडं फार खोल जाऊ द्यायचं नाही, वाळूत बसवून वर दोन खडे ठेवायचे. सगळं नीट झालं. किरिबत, नारळाच्या दुधातला भात, केला. तिनं चतकोर खाल्ला.

१६ मार्च

पानं पाणी पाणी होतायत. दुसरा शब्द नाही. काल तांबूस होती ती आज काचेसारखी झाली, बोट लावलं की बुळबुळीत होऊन पाण्याबरोबर जातात. मी सकाळपासून पाटाशी आहे. सडलेली पानं खुडली, एकेक झाड उचलून मूळ बघितलं, पुन्हा लावलं.

फणस आणि कितुल पाटात सतत कचरा टाकतात. मी आता पहाटे अंगण झाडते तेव्हाच माडाच्या हिरांच्या झाडूनं पाटही झाडून काढते. खड्यांवर बुरशी दिसली की नारळाच्या काथ्यानं घासते. घाणीत काय वाढणार?

२२ मार्च

पियसीली कुंपणावरून डोकावली. "यसवती अक्के, तुझ्या पाटातलं पाणी बघून पावडर लावता येईल ग! माझ्या घरातला आरसा एवढा साफ नाही."

"तुझ्या घरातलं काय साफ आहे ते सांग आधी."

"भांडी. तीही तू आलीस की तेवढ्यापुरती."

हसली, मीही हसले. नातू तिच्या कडेवर होता, अंगात ते पिवळं झबलं. मधू विहिरीवर होती. तिनं कळशी तशीच ठेवली आणि घरात गेली. या मुलीला चारचौघांत दोन शब्द बोलायचं वळण नाही.

झाडं मात्र जातायत. एकालाही धड पान उरलेलं नाही. आज ओढ्यात उरलेल्यातला अर्धा हिस्सा आणला. थोडी तरी ओढ्यात शिल्लक आहेत.

३० मार्च

नव्यांचंही तेच.

मधू म्हणाली, "अम्मा, आमच्या तळ्यात केकटिया असते, फुलांची भाजी करतो ना, ती. उन्हाळ्यात सगळी जाते. मग पाणी भरलं की चिखलातून येते. तिला कोणी हात लावत नाही."

मी म्हटलं, "तुमच्या तळ्यातल्या चिखलातलं वेगळं आणि डोंगरातल्या ओढ्यातलं वेगळं, दुवे, पोरी. त्यात तू पडू नकोस."

पडली नाही. आत जाऊन तांदूळ निवडत बसली. नंतर मला वाटलं, जरा हळू बोलले असते तर बरं झालं असतं. पण जीव टांगणीला लागलेला असताना मला हळू बोलता येत नाही.

१४ एप्रिल

नवं वर्ष. काल सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात होता, त्या वेळात कसलंच काम करायचं नसतं. चूल विझवलेली, झाडू कोपऱ्यात. जन्मात मला ते तास कधी इतके लांब वाटले नव्हते. पाटावर फणसाची पानं एकामागून एक पडत होती आणि मी हात मांडीखाली घालून ओसरीवर बसले होते. मधू माझ्याकडे बघून हसली. किती महिन्यांनी, देव जाणे.

आज मुहूर्तावर चूल पेटवली, दूध उतू जाऊ दिलं. नंतर पाण्याशी देवघेव. दर वर्षी आम्ही विहिरीत मीठ, कोळसा आणि जाईची फुलं टाकतो आणि बाटलीभर पाणी घेऊन पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवतो. या वर्षी मी ओढ्यावर गेले. वळणावर फुलं सोडली आणि बाटली भरून घेतली. पुढच्या वर्षी या जागेवर देवघेव करायला पाणी असणार नाही.

दुपारी मधूचे तात्ता, तिचे वडील, आले, बसनं एवढ्या लांबून, एका हातात केळ्यांचा घड आणि दुसऱ्यात कमळाच्या बियांचा तांदूळ. भला माणूस, मला नंगी म्हणजे धाकटी बहीण म्हणतो. जेवून झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, "नंगी, वाईट वाटून घेऊ नकोस. पोर सुकलीय. थोडे दिवस घेऊन जाऊ का?"

मी म्हटलं, "इथे काय कमी आहे तिला? सगळं हातात आहे. मी तिला एक भांडं घासू देत नाही."

"कमी नाही ग. मी कुठे कमी म्हणालो?"

मधूला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "महिन्याअखेरीस येते, तात्ता." म्हणजे जाणार.

जाऊ दे. ज्याला राहायचं नाही त्याला धरून ठेवायची मला हौस नाही. पण तिनं कमळाच्या बियांचा भात केला तेव्हा भांड्यावरचं झाकण काढून ती वाफेत तोंड घालून किती वेळ उभी होती, ते मी पाहिलं.

२० एप्रिल

पाटात एकही पान नाही. खडी आणि स्वच्छ पाणी. सगळी कांडी मी पुन्हा एकदा उचलून पाहिली. काही मऊ लागतात, काही कडक. कडक म्हणजे मेलेली की जिवंत, मला कळत नाही. वेदमहत्तयांना कळलं असतं. ते असते तर मला हे करावंच लागलं नसतं.

ओढ्यातली उरलेली थोडी आणायला आता हात होत नाही. जिथे आहेत तिथे त्यांना शेवटचे काही दिवस मिळू देत.

२५ एप्रिल

ताप. सांधे असे धरले आहेत की पेन दोन बोटांत ठरत नाही. चिकनगुन्या, दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. गावात आहेच साथ.

२९ एप्रिल

मधू उद्या जाणार होती. नाही गेली. तात्तांना फोन करताना ऐकलं, "आत्ता नको, अम्माला उठता येत नाही." मी म्हटलं, जा, पियसीली बघेल. ती म्हणाली, "पियसीली मावशी तुम्हाला बोलून बोलून मारतील."

खरं आहे.

७ मे

ती कोत्तमल्लीचा, म्हणजे धण्यांचा, काढा देते, कढी करते, माझे पाय गरम पाण्यानं शेकते. केस विंचरते. माझे केस आईनंतर कोणी विंचरले नव्हते. आज अंगण झाडल्याचा आवाज आला नाही. "झाडलं का?" "झाडते अम्मा." "आणि पाट?" ती काढ्याचा पेला घेऊन आत गेली. ओरडले. ओरडल्यावर माझेच खांदे ठणकले.

१३ मे

वेसाक, बुद्धाची पौर्णिमा, जवळ आला. पोरं कंदील बांधतायत. खिडकीतून पाट दिसत नाही, फणसाचा शेंडा तेवढा दिसतो. वारा सुटला की कल्पना येते, किती पानं पडली असतील. पाटाची कचराकुंडी झाली असणार. एवढे कष्ट केले ते सगळे वाया गेले.

मधू दुपारी तिकडे जाऊन बसते. काय करते कोण जाणे. गुणगुणताना ऐकलं. मला आधी वाटलं, पियसीलीचा रेडिओ.

२१ मे

पाऊस. आज बांधाची दारं लावली. ओढ्याचा आवाज थांबला ते मला अंथरुणात कळलं. लग्न होऊन आल्यापासून तो आवाज कधी बंद झाला नव्हता. वर पाऊस कोसळतो आहे आणि खाली ओढा गप्प. मी रडले. लपवायचं काय त्यात. मधू येऊन पायाशी बसली. अंधार पडेपर्यंत तिथून उठली नाही.

२ जून

काठी घेऊन आज पहिल्यांदा घराबाहेर पडले. आधी वळणावर गेले. मधू नको म्हणत होती. दगडांच्या मधून करंगळीएवढी धार, बाकी उघडी वाळू. तिथे राहिलेली झाडं खडकाला चिकटून वाळली होती, चहाच्या चोथ्यासारखी. थोडं पाणी सोडतायत, इंजिनिअर खोटं बोलला नव्हता.

मग पाटाकडे. हात टेकून खाली बसले. फणसाची पानं थरावर थर, काळी पडलेली, कितुलचा भुसा, वर बेडकाची अंडी. पाण्याला चहाचा रंग. माझ्या तोंडून पहिला शब्द झाडू असाच निघणार होता.

"थांबा अम्मा," मधू म्हणाली. तिनं दोन बोटांनी एक कुजकं पान हळूच बाजूला सरकवलं.

खाली सुईच्या टोकासारखं तांबूस काहीतरी होतं. मग मला दुसरं दिसलं. मग पाटभर, जिथे जिथे मी लावली होती तिथे तिथे, चिमुकली, मुरडलेली, एकेक, दोन-दोन पानं. सगळी नाहीत. पण खूप.

"कधीपासून?"

"वेसाकाच्या आधीपासून. मला खात्री नव्हती म्हणून बोलले नाही."

"आणि तू पाट झाडला नाहीस."

"नाही. ओढ्यात तरी कोण झाडत होतं?" मग माझ्याकडे न बघता, "ती मेली नव्हती, अम्मा. तुम्ही रोज उपटून बघत होता, साफ करत होता. त्यांना जरा पडून राहायचं होतं."

 ती बाजूला सारलेलं पान परत होतं तसं ठेवत होती.  

३ जून

रात्रभर... नाही, ते लिहीत नाही. सकाळी काठी घेतली आणि पियसीलीकडे गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पायच तिकडे वळले.

ती तांदूळ पाखडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "नोव्हेंबरात एक गाठोडं दिलं होतं. त्यातलं टोपडं आहे का?"

सूप थांबलं. "अक्के, दिलेलं परत मागायला आलीस? तू? गावात सांगू का?"

"सांग."

तिनं सूप खाली ठेवलं. मग आत गेली, बऱ्याच वेळानं आली. झबली आणि चादरी तिच्या नातवानं फाडल्या होत्या. टोपडं मात्र घडी घालून, जाईच्या फुलांत ठेवलेलं. "हे मी पोराला घातलंच नाही. मला वाटलं होतं, ती कधीतरी मागायला येईल," ती म्हणाली. "तू येशील असं नव्हतं वाटलं."

मधू स्वयंपाकघरात खोबरं खवत होती. तिच्या शेजारी टोपडं ठेवलं आणि मी बाहेर आले. काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी चुकीचंच बोलले असते.

थोड्या वेळानं ती मागच्या दारानं गेली. फणसाखाली, पाण्याच्या कडेला बसली. टोपडं तोंडाशी धरलं आणि रडायला लागली, मोठ्यानं, गाव ऐकेल असं. या घरात आल्यापासून तिला असं रडताना मी ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलातून आली त्या दिवशीही नाही. माझ्या ओठांवर आलं, गप बस दुवे, लोक काय म्हणतील.

मी काठी टेकत गेले आणि तिच्या शेजारी, त्या ओल्या पानांवर बसले. गप बस म्हटलं नाही. बराच वेळ बसलो. फणसाचं एक पान पडलं, पाटात तरंगलं आणि कडेला लागून राहिलं.

५ जून

रविवार. तिवंकचा फोन आला. मधू बराच वेळ बोलली, दार लावून. नंतर मला म्हणाली, "तात्ताकडे जाऊन येते अम्मा, दहा दिवस. येताना केकटिया आणते. बघू या इथे लागते का."

म्हटलं, आण.

आज अंगण झाडलं. सांधे अजून दुखतात, अर्धंच झालं. पाटाकडचं राहू दिलं.